हात चालेल, चेहरा नको

हर्मन मेलविलच्या 'टायपी' या पुस्तकात एक घासाघीस आहे. परदेशात टॅटू काढून घेण्याबद्दल मी जे काही वाचलंय, त्यात इतकं प्रामाणिक दुसरं काही मला सापडलेलं नाही. पुस्तक १८४६ सालचं आहे.

पॅसिफिक महासागरात मार्केसास नावाची बेटं आहेत. त्यातल्या नुकु हिवा बेटावर, टायपी लोकांच्या खोऱ्यात एक अमेरिकन खलाशी अडकलाय. तिथले लोक त्याला टॉमो म्हणतात. त्याचा पाय दुखावलाय. पाहुणचार उत्तम चाललाय, पण खोऱ्याबाहेर कुणी जाऊ देत नाही. एक दिवस कार्की नावाचा गोंदणारा त्याला पाहतो आणि ती गोरी, कोरी कातडी बघून नवा कॅनव्हास मिळालेल्या चित्रकारासारखा पेटतो. त्याला टॉमोचा चेहरा हवाय. टॉमो कसाबसा निसटतो. पण मग खोऱ्याचा प्रमुख मेहेवी मागे लागतो. भेटला की तोच विषय, गोंदवून कधी घेतोस? शेवटी टॉमो एक तडजोड सुचवतो. मनगटाच्या वरपासून खांद्यापर्यंत दोन्ही हात घ्या. मेहेवी खूश होतो. आणि मग सांगतो की सुरुवात अर्थातच चेहऱ्यापासून होईल.

टॉमोला चॉइसही मिळतो. चेहऱ्यावर तीन आडवे पट्टे घे, तेवढेच तिरपे पट्टे घे, नाहीतर खुद्द मेहेवीच्या चेहऱ्यावर आहे तसा त्रिकोण घे. आजच्या स्टुडिओत कॅटलॉग पुढे सरकवतात तसंच हे. डिझाईन तुमच्या आवडीचं, जागा आमच्या आवडीची. त्या दिवसापासून टॉमोचं मन त्या सुंदर खोऱ्यातून उठतं.

सगळा मुद्दा त्या जागेत आहे. प्रवासी शर्टाखाली जाणारा भाग देऊ करतो. यजमान शर्टाखाली न जाणारा भाग मागतो. ही घासाघीस आजही चालू आहे. फरक इतकाच, की आता समोर मेहेवी नसतो, त्यामुळे आपण दरवेळी जिंकतो.

जागा आधी, डिझाईन नंतर

मी आयटीत काम करतो. थायलंड किंवा बालीहून परतलेल्या सहकाऱ्याच्या अंगावर नवा टॅटू दिसणं ही आता बातमीसुद्धा नाही. पण बायका असोत की पुरुष, सगळ्यांच्या बोलण्यात एक क्रम मला नेहमी दिसतो. 'काय काढलंय' याच्या आधी 'कुठे काढलंय' हे येतं. क्लायंटसमोर दिसेल का? लग्नाच्या फोटोत दिसेल का? आईला कळेल का? फुल स्लीव्ह घातली की झाकतो, हे उत्तर मिळालं की सगळे निश्चिंत होतात आणि मग डिझाईनचं कौतुक सुरू होतं.

भारतीय सैन्याच्या भरतीतही जागेलाच महत्त्व आहे. कायमचा टॅटू कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो, बाकी अंगावर चालत नाही. आदिवासी उमेदवारांना मात्र त्यांच्या परंपरेप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदलेलं असेल तर सवलत मिळू शकते. म्हणजे भरतीचा नियमसुद्धा दोन प्रकारचे टॅटू वेगळे ओळखतो. एक तुम्ही निवडलेला, आणि दुसरा तुमच्या लोकांनी तुमच्यावर लिहिलेला.

'टायपी' वाचताना हा फरक डोक्यात ठेवला तर पुस्तक वेगळं दिसायला लागतं. वरवर ती साहसकथा आहे. देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावरून पळालेला तरुण, नरभक्षक म्हणून बदनाम असलेली जमात आणि शेवटी थरारक सुटका. मेलविल स्वतः १८४२ मध्ये 'अ‍ॅकुश्नेट' नावाच्या जहाजावरून नुकु हिवाला पळाला होता. तो तिथे जेमतेम महिनाभर राहिला, पुस्तकात त्याचे चार महिने झाले. टॉमोला पुस्तकभर दोन भीती आहेत. आपल्याला खातील ही एक, आणि आपल्याला गोंदतील ही दुसरी. खाण्याची भीती बरीचशी ऐकीव आणि संशयाची आहे. गोंदण्याची भीती मात्र खरी आहे, रोजची आहे, आणि ती हसतमुख चेहऱ्याने समोर येते.

ही भीती वेदनेची नाही. शार्कच्या दातावर लाकडी हातोडीने टकटक करत गोंदण्याची पद्धत टॉमोने जवळून पाहिली आहे, आणि दोन्ही हात द्यायला तो तयार आहे. त्याला भीती आहे ती परत जाण्याची. असं गोंदलेलं घेऊन मायदेशात कोणत्या तोंडाने जायचं? मराठीत हे वाक्य आपोआप तयार होतं आणि गंमत म्हणजे मेलविलनेही इंग्रजीत 'चेहरा' या शब्दावर जवळपास हाच श्लेष केलाय. बेटावरच्या माणसांसारखा चेहरा झाला, की न्यूयॉर्कमधला टॉमो संपला.

टॉमोला हेही कळतं की गोंदण्याचा तिथल्या धर्माशी काहीतरी संबंध आहे आणि हे लोक आपल्याला त्यांच्यातला एक करून घेऊ पाहतायत. त्याचं हे वाचन बरोबर आहे. मेहेवी इथे खलनायक नाहीच. तो पाहुण्याला घरातलं माणूस होण्याचं आमंत्रण देतोय. टॉमोला त्या खोऱ्यातलं सगळं हवंय. जेवण, पोहणं, फायावे नावाची मुलगी, सावलीतली दुपार. त्याला तिथे राहायचंय, तिथला व्हायचं नाही. मेलविलने ही गोष्ट लपवलेली नाही, म्हणून 'टायपी' आजही वाचावीशी वाटते. आजच्या ट्रॅव्हल रीलमध्ये मात्र हाच माणूस 'मी इथलाच होऊन गेलो' असं कॅप्शन टाकतो आणि टॅटू दंडावर काढून घेतो.

टॉमोला ज्याची भीती होती

टॉमोला जे नको होतं, ते महाराष्ट्रात अनेकांनी घरातच पाहिलंय. आजीच्या किंवा पणजीच्या कपाळावरचं हिरवट गोंदण, हनुवटीवरचे ठिपके, हातावरचं तुळशीवृंदावन. जत्रेत किंवा दारावर आलेल्या गोंदणारणीने सुया आणि काजळाने काढलेलं. मेल्यावर सोबत येणारा हा एकच दागिना, असं घरोघरी म्हटलं जायचं.

इथे हळवं व्हायचा मोह होतो. आपला दंडावरचा टॅटू उथळ आणि आजीचं गोंदण अस्सल, असं म्हणून टाळ्या मिळवता येतात. पण अस्सलपणाची किंमत आजीनेच मोजलेली असते. लहान मुलीला धरून बसवून गोंदलं जायचं, तेव्हा तिला कुणी कॅटलॉग दाखवला नव्हता. जागेची घासाघीस करायची सोय तिला नव्हती आणि टॉमोसारखं होडीतून पळून जायचीही नव्हती. समाजाने तुमच्या चेहऱ्यावर लिहिलं, की तुम्ही त्या समाजाचे होता, हे खरं. तुम्हाला विचारलं होतं का, हा प्रश्न तरी उरतोच.

म्हणून मला टॉमोची घासाघीस भेकड वाटत नाही. आपलं शरीर कुणाला किती वाचू द्यायचं, हे ठरवायचा हक्क तो मागतोय. अडचण पुढे येते. हा हक्क वापरून आपण दुसऱ्याच्या भाषेतलं वाक्य अंगावर काढतो, तेव्हा ते वाक्य नेमकं कुणाचं असतं?

अंगावरचा डेटा

'टायपी'नंतर पाच वर्षांनी, १८५१ मध्ये 'मॉबी-डिक' आली. तिच्यात मेलविल या प्रश्नाकडे दोन बाजूंनी परत येतो.

पहिली बाजू निवेदक इश्माएलची. देवमाशाच्या सांगाड्याची मापं देताना तो सहज सांगून जातो की ही मापं माझ्या उजव्या हातावर गोंदलेली आहेत, तिथून उतरवून देतोय. भटकंतीच्या त्या दिवसांत एवढी मोलाची आकडेवारी जपायला दुसरी सुरक्षित जागा नव्हती. जागा कमी, म्हणून वरचे किरकोळ इंच सोडून दिले. शिवाय बाकीचं अंग त्याला कोरं ठेवायचं होतं, कारण तेव्हा तो एक कविता रचत होता. इंजिनिअर म्हणून मला हा परिच्छेद फार आवडतो. हा साहित्यातला बहुधा सगळ्यात कोरडा प्रवासी टॅटू असेल. त्यात ना ड्रॅगन, ना मंत्र, नुसती मापं. तरी तो शंभर टक्के इश्माएलचा आहे. ती मापं त्याने स्वतः घेतली आहेत. टॉमोने देऊ केलेला हात इथे कामी आलाय.

दुसरी बाजू क्वीक्वेगची. हा एका काल्पनिक बेटावरचा राजपुत्र, पायापासून डोक्यापर्यंत गोंदलेला. जहाजावर नोकरी धरताना सही करायची वेळ येते, तेव्हा तो हातावर गोंदलेली एक गोल आकृती कागदावर जशीच्या तशी काढून देतो. पुढे कळतं की त्याच्या बेटावरच्या एका द्रष्ट्याने आकाश आणि पृथ्वीचा संपूर्ण सिद्धांत त्याच्या अंगावर लिहून ठेवलाय. पण तो लिहिणारा आता नाही, आणि क्वीक्वेगला स्वतःलाही तो वाचता येत नाही.

हे रूपक इतकं देखणं आहे की आजही टॅटूवरच्या लेखांत ते नेहमी भेटतं. माझं मेलविलशी भांडण इथे आहे. तो ज्या मार्केसास बेटांवर राहून आला, तिथलं गोंदण गूढ नव्हतं. आकृत्यांना नावं होती. माणसाचं घराणं, त्याचा दर्जा, त्याची कामगिरी त्यातून सांगितली जायची. तिथल्या माणसांना ते वाचता येत होतं. वाचता येत नव्हतं ते मेलविलला. महिनाभर राहिलेल्या परदेशी तरुणाला कळलं नाही, यात त्याचा काही दोष नाही. पण आपल्याला न येणारी लिपी ही मुळातच अगम्य असते, आणि अगम्य असते म्हणून खोल असते, ही कल्पना त्याने क्वीक्वेगच्या तोंडी घातली. बेटावरच्या माणसालाच आपलं अंग वाचता येत नाही, असं ठरवलं की प्रवाशाचं अज्ञान सुंदर दिसायला लागतं.

'अर्थ नीट माहीत नाही, पण व्हाइब खूप स्ट्राँग आहे' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्याचा उगम इथे आहे. खुद्द 'टॅटू' हा शब्दही असाच प्रवासात उचललेला. १७६९ मध्ये कॅप्टन कुकचं जहाज ताहितीला पोचलं, तिथल्या 'तातौ'चा इंग्रजीत टॅटू झाला. शब्द घरी आला, व्याकरण बेटावरच राहिलं.

वाचणारे भेटतात

व्याकरणाशिवाय वाक्य अंगावर घेतलं तरी चालून जातं, कारण घरी वाचणारं कुणी नसतं. पण कातडी विमानात बसते. कुठल्यातरी विमानतळावर तिला वाचता येणारा माणूस भेटतो.

एप्रिल २०१४ मध्ये एक ब्रिटिश पर्यटक कोलंबोला उतरली. तिच्या दंडावर कमळात बसलेल्या बुद्धाचा टॅटू होता. तिला अटक झाली आणि देशाबाहेर पाठवण्यात आलं. ती स्वतः बौद्ध मताची साधना करणारी होती. तिच्या लेखी तो भक्तीचा टॅटू होता, समोरच्यांच्या लेखी अपमानाचा. २०१७ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन तिला भरपाई मंजूर केली.

ऑक्टोबर २०१५ मध्ये बंगळुरूत एका ऑस्ट्रेलियन तरुणाला लोकांनी घेरलं. त्याच्या नडगीवर यल्लम्मा होती. सौंदत्तीची यल्लम्मा ही दक्षिण महाराष्ट्रातल्याही कितीतरी घरांची देवी आहे, त्यामुळे हा प्रसंग आपल्याला परका नाही. त्याने देवी निवडली होती. तिला पायावर काढलं, हा आक्षेप होता. पुन्हा डिझाईन नव्हे, जागा! मेहेवीचा मुद्दा पावणेदोनशे वर्षांनी बंगळुरूच्या एका हॉटेलात निघाला. फक्त यावेळी आग्रहाच्या जागी दमदाटी होती.

या दोन्ही ठिकाणी मी टॅटू काढलेल्यांच्या बाजूने आहे. कुणाच्या कातडीवरच्या चित्रासाठी कुणाला अटक होऊ नये, गर्दीने घेरून माफीनामा लिहून घेऊ नये. पण कायद्याने ज्याची बाजू खरी, त्याचं वाचनही पूर्ण असतंच असं नाही. देवतेचं चित्र कुठे असावं याचे नियम त्या चित्रातच लिहिलेले असतात. ज्यांच्या घरात ते टांगलेलं असतं, त्यांना ते दिसतात.

शवपेटी आणि कागद

मग दुसऱ्याच्या लिपीला हातच लावू नये का? हे उत्तर सोपं आहे, आणि मेलविलनेच ते अवघड करून ठेवलंय.

'मॉबी-डिक'मध्ये क्वीक्वेग आजारी पडतो, मरणार म्हणून स्वतःची शवपेटी करून घेतो आणि मग बरा होतो. रिकाम्या वेळात तो आपल्या अंगावरच्या आकृत्या त्या पेटीच्या झाकणावर कोरतो. शेवटी जहाज बुडतं. क्वीक्वेग बुडतो. वर येते ती पेटी, आणि तिला धरून एकटा इश्माएल वाचतो. ज्याच्यामुळे ती आकृती होती तो माणूस गेला, आकृती दुसऱ्या पृष्ठभागावर उतरली म्हणून राहिली.

मार्केसासमध्ये पुढे जवळपास हेच घडलं. मेलविल तिथे होता त्याच वर्षी, १८४२ मध्ये, फ्रान्सने बेटं ताब्यात घेतली. रोगांनी लोकसंख्या कोसळली, १९२०च्या दशकात ती दोन हजारांच्या आसपास उरली. मिशनरी आणि प्रशासन यांनी गोंदणं दडपलं. १८९७-९८ मध्ये कार्ल फॉन डेन श्टाइनेन हा जर्मन अभ्यासक तिथे गेला. गोंदलेली शेवटची माणसं तेव्हा जिवंत होती. त्यांच्या अंगावरच्या आकृत्या, त्यांची नावं आणि अर्थ त्याने टिपून घेतले आणि १९२५पासून ते पुस्तकरूपात आणले. १९८०च्या दशकात मार्केसासच्या तरुणांनी गोंदणं पुन्हा सुरू केलं, तेव्हा पूर्वजांची लिपी शिकायला त्यांना ही पुस्तकं लागली. बाहेरून आलेल्या माणसाने उतरवून घेतलेलं घरच्यांना परत मिळालं.

मात्र श्टाइनेनने नावं विचारली. 'व्हाइब' नेली नाही.

तीन ठिपके

आता आजचं उदाहरण. फिलिपिन्सच्या उत्तरेला कालिंगा प्रांतात बुस्कालान नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथे आपो वांग-ओड गोंदतात. 'आपो' हे आजी-आजोबांसाठीचं आदराचं संबोधन. त्यांचा जन्म १९१७च्या सुमारासचा. एप्रिल २०२३ मध्ये, १०६ व्या वर्षी, त्या 'व्होग फिलिपिन्स'च्या मुखपृष्ठावर झळकल्या. झाडाचा काटा, काजळी, बांबूची काडी आणि तिच्यावर दुसऱ्या काडीची टकटक. कार्कीचीच पद्धत, फक्त शार्कच्या दाताच्या जागी काटा. पूर्वी कालिंगात छातीवरचं मोठं गोंदण लढवय्याला मिळायचं, बायकांचं गोंदण सौंदर्याचं होतं. लढाया थांबल्या, गिऱ्हाईक संपलं. मग पर्यटक आले. ही विद्या फक्त रक्ताच्या नात्यात द्यायची रीत, म्हणून आपोंनी ती नात्यातल्या मुलींना शिकवली.

बाकीचे नमुने आता या मुली आणि गावातले इतर जण काढतात. आपो स्वतः बहुतेकदा शेवटी तीन ठिपके देतात. ती त्यांची सही आहे. एक ठिपका त्या स्वतः, दोन त्यांच्या शिष्या.

यावर टीका होते. परंपरेचा बाजार झाला, दोन दिवस प्रवास करून मिळतं काय तर तीन ठिपके! मला ही टीका पटत नाही. लढवय्याचं गोंदण सॉफ्टवेअरवाल्याच्या छातीवर काढलं असतं, तर ते त्याच्याबद्दल खोटं बोललं असतं. तीन ठिपके इतकंच म्हणतात की हा माणूस डोंगर चढून आला होता आणि आम्ही त्याला भेटलो. हे वाक्य खरं आहे. आणि ते यजमानाने लिहिलंय. क्वीक्वेगची सही बेटावरून जहाजावर आली होती, इथे सही बेटावरच्या माणसाने प्रवाशावर केली.

जेरुसलेममध्ये हीच समज शतकानुशतकं आहे. तिथे ख्रिस्ती यात्रेकरू टॅटू काढून घेतात. लाकडात कोरलेला ठसा कातडीवर उमटवायचा, त्यावरून गोंदायचं, बरेच जण सालही घालून घेतात. विल्यम लिथगो या स्कॉटिश प्रवाशाने १६१२ मध्ये ते काढून घेतलं, १८६२ मध्ये इंग्लंडच्या युवराजानेही. तो टॅटू यात्रेकरूला जेरुसलेमकर करत नाही. तो आला होता, एवढं नोंदवतो. हा टॅटू पहिल्यापासूनच प्रवाशासाठी बनलेला आहे.

बुस्कालान, जेरुसलेम आणि इश्माएलचा हात यांत एक गोष्ट समान आहे. प्रवासी ज्याची साक्ष देऊ शकतो, तेवढंच तिथे लिहिलंय. कुणी मापं घेतली, कुणी यात्रा केली, कुणी डोंगर चढला. दुसऱ्याची लढाई, दुसऱ्याचं व्रत किंवा दुसऱ्याचं घराणं कुणी अंगावर घेतलेलं नाही. पुढच्या वेळी बँकॉकच्या स्टुडिओत कॅटलॉग पुढे आला की 'याचा अर्थ काय' हा प्रश्न पुरत नाही, कारण अर्थ तर पोस्टरवरही छापलेला असतो. 'हे पूर्वी कुणाला मिळायचं, आणि कशाबद्दल' असं विचारून पाहा. उत्तर ऐकून बरेच जण कदाचित साधंसं काहीतरी काढून घेतील. एखादी तारीख, एखादं अंतर, भेटलेल्या माणसाच्या हातचे दोन-तीन ठिपके.

मेहेवीला चेहरा देणं आपल्याला जमणार नाही, टॉमोलाही जमलं नव्हतं. हात देतोय, एवढं प्रामाणिकपणे म्हणावं आणि हातावर मावेल तेवढंच मागावं. बाकीचं अंग इश्माएलसारखं कोरं राहिलं तर राहू द्यावं. तिथे कविता येईल किंवा येणारही नाही.